दशकाचा मध्य आणि वस्तीतला पडदा

१

इतिहास लिहिणाऱ्यांना दशकांची सोय फार मानवते. सत्तरीचे दशक उद्रेकाचे, ऐंशीचे दशक ओसरतीचे, अशा चौकटी आखल्या की माणसे त्यांत बसवता येतात. आपल्या चळवळीचा इतिहासही असाच आखला गेला आहे. १९७२ ला दलित पँथर, १९७८ ला नामांतराचा ठराव आणि मराठवाड्यातली जाळपोळ, १९९४ ला नामविस्तार. हे टप्पे खरेच आहेत. परंतु वस्तीतला माणूस संध्याकाळी काय ऐकत होता, काय पाहत होता आणि कोणाच्या दारात बसून पाहत होता, या प्रश्नाकडे वळले की चौकट मोडते. करमणुकीच्या इतिहासात ऐंशीचे दशक १९८० साली सुरू झालेच नाही. त्याची पहिली चार वर्षे सत्तरीचीच शेपटी होती. १९८४-८५ च्या सुमारास मात्र सांधा निखळला, आणि त्यानंतरचे जग वेगळे झाले.

हा बदल चाकण, देहूरोड आणि पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात तपासण्याला कारण आहे. येथे तीन निरनिराळी जगे एकमेकांना लागून उभी आहेत. चाकण हे संग्रामदुर्गाचे आणि कांद्याच्या बाजाराचे गाव. १९८० च्या कांदा आंदोलनाने त्याचे नाव देशभर गेले, पण त्या भावाच्या लढाईत ज्याच्याजवळ कांदा पिकवायला रानच नव्हते, त्याचा प्रश्न वेगळाच राहिला. चाकणवरून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी. दुसऱ्या अंगाला देहूरोड. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. गावगाडा, तमाशाचा फड आणि कारखान्याचा भोंगा या तिन्हींच्या मध्ये आपला माणूस उभा होता. पडदा आला तो याच माणसापुढे.

२

पडद्याच्या आधी आवाज होता, आणि तो आपला होता. सत्यशोधक जलशांच्या वाटेने आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३० च्या सुमारास गावोगाव जलसे करून बाबासाहेबांचा विचार अक्षरशत्रू माणसापर्यंत नेला. पुढे वामनदादा कर्डकांनी उभे आयुष्य त्याच कामी घातले. जलशाचे वैशिष्ट्य असे, की गाणारा आणि ऐकणारा एकाच मातीत बसलेले असत. ऐकणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारता येई, आणि शाहिराला त्याच बैठकीत उत्तर द्यावे लागे.

तमाशाचे नाते अधिक अवघड होते. कला महार, मांग, कोल्हाटी यांची; पैसा, शिट्टी आणि मालकी दुसऱ्यांची. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस हलाखीतच गेलेले होते. धर्मांतरानंतर अनेकांनी गावकीची कामे टाकली, पोतराजकी टाकली, काहींनी ढोलकीही खाली ठेवली. ते योग्यच होते. परंतु कला टाकली की तिच्या जागी काय यायचे, हा प्रश्न मागे उरला.

रेडिओने त्याचे थोडे उत्तर दिले. पुणे आकाशवाणी १९५३ मध्ये सुरू झाली. १९५६ मध्ये तिच्या मदतीने पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. गावाने एकत्र बसावे, कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती. परंतु 'गाव' म्हणताना ती मांडणाऱ्यांच्या मनात जे एकजीव गाव होते, ते महाराष्ट्रात कोठेच नव्हते. चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर यंत्र ठेवले, की ते कोणाचे होते हे वेगळे सांगावे लागत नाही. ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन खांद्यावर आला तेव्हाच रेडिओ गावकुसाबाहेर खऱ्या अर्थाने पोचला. यंत्राची जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो, हा धडा येथे प्रथम मिळतो.

३

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ज्या वर्षी पँथरचा जन्म झाला, तेच हे वर्ष. १९७३ मध्ये पुण्याला सहक्षेपण मिळाले आणि सिंहगडावरचा मनोरा पट्ट्यातल्या घरांच्या छपरांशी बोलू लागला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. म्हणजे आपल्याकडे टीव्ही आला तो सार्वजनिक मालमत्ता म्हणून नव्हे, घरातली मालमत्ता म्हणून. हा फरक किरकोळ मानू नये.

ज्याच्याकडे कायम नोकरी आणि पगाराची चिठ्ठी, त्याच्याकडे टीव्ही. खासगी कारखान्यांच्या कायम कामगारांत आपली माणसे थोडी होती. सरकारी कारखाने, रेल्वे आणि देहूरोड-खडकीकडचे संरक्षण खात्याचे डेपो येथे राखीव जागांमुळे आणि जुन्या लष्करी नात्यामुळे त्यांची संख्या बरी होती. म्हणून पट्ट्यात दोन प्रकारचे प्रेक्षक घडले. देहूरोडच्या किंवा पिंपरीच्या वसाहतीतले मूल आपल्याच आळीतल्या घरात, आपल्याच माणसांच्या मांडीला मांडी लावून पाहत होते. खेड तालुक्यातल्या वाडीवरचे मूल मात्र दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेरून, उघड्या दारातून पाहत होते. पडद्यावरचे चित्र दोघांना सारखेच दिसले. पाहण्याचा अनुभव मात्र सारखा नव्हता. प्रक्षेपणाच्या लहरींना जात नसते, हे खरे. उंबऱ्याला ती असते.

तरीही या पहिल्या काळात एक गोष्ट जमेची होती. मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांत मराठीला भरपूर जागा होती. पांढरपेशांची नाटके आणि पांढरपेशांचा विनोद त्यांत पुष्कळ होता, 'आमची माती आमची माणसं' मध्ये शेतीही होती. मातीचे मालक आणि मातीतली माणसे यांतला भेद तो पडदा पुसून टाकी, हा आक्षेप रास्तच आहे. पण भाषा ओळखीची होती. भांडायला समोर कोणीतरी होते.

४

मग सांधा आला. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आला, त्याच वर्षीच्या आशियाई खेळांनी रंगीत संचाची हाव लावली. तरी लगेच फारसे बदलले नाही. बदल झाला तो १९८४ मध्ये. त्या वर्षी काही महिने दिवसाला जवळपास एक या वेगाने देशात लहान प्रक्षेपण केंद्रे उभारली गेली. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरपर्यंत चालली. कुटुंबनियोजनाचा आणि स्त्रीच्या दर्जाचा संदेश द्यावा या हेतूने ती रचलेली होती. खर्च भागवला नूडल्सच्या जाहिरातीने. संदेश आणि माल एकाच ताटात वाढण्याची रीत येथून पडली. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासूनच होत्या, पण आता जाहिरातदार ठरवू लागला की काय दाखवायचे.

या बदलाचा आपल्या दृष्टीने अर्थ काय? पहिला अर्थ असा, की रात्रीचा महत्त्वाचा वेळ दिल्लीच्या हिंदीने घेतला. दुसरा असा, की 'सामान्य भारतीय कुटुंब' नावाचे एक चित्र तयार झाले. त्या कुटुंबाला गरिबी होती, बेकारी होती, दारुडा बापही होता. जात मात्र नव्हती. आणि जिला जात नाही असे दाखवतात, ती माणसे बहुधा वरचीच असतात. वस्तीतल्या मुलाने स्वतःला त्या घरात शोधावे, आणि न सापडल्यास दोष स्वतःकडे घ्यावा, अशी ही रचना होती. ती कोणी कट करून केली असे म्हणण्याचे कारण नाही. ग्राहक शोधणाऱ्याला जातीचा प्रश्न अडचणीचा वाटतो, एवढे कारण पुरेसे आहे.

५

परंतु त्याच दोन-तीन वर्षांत दुसरी एक वस्तू वस्तीत शिरली, आणि तिच्याविषयी आपल्या समीक्षकांनी फारसे लिहिलेले नाही. ती म्हणजे कॅसेट. तोवर गाणे मुद्रित करणे ही एका-दोन बड्या कंपन्यांची मक्तेदारी होती. ध्वनिमुद्रिका महाग, ती वाजवणारे यंत्र त्याहून महाग. कॅसेटने हे उलटे केले. थोड्या भांडवलात लहान कंपनी उभी राहू लागली, शे-दोनशे प्रतीही काढता येऊ लागल्या, आणि एका कॅसेटवरून दुसरी घरीच उतरवता येऊ लागली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज चौकाचौकात गेले. १४ एप्रिलला मिरवणुकीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवरच्या फुटपाथवर, पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग दिसू लागले.

टीव्ही दुसऱ्याच्या घरात पाहावा लागे. टेपरेकॉर्डर आपल्या झोपडीत होता. एका बाजूला दिल्लीहून येणारा एकच आवाज, दुसऱ्या बाजूला गल्लीगल्लीतून उठणारे शेकडो आवाज. १९८४-८५ चा सांधा हा असा दुहेरी आहे. केवळ टीव्हीकडे पाहणारा त्याला सांस्कृतिक आक्रमण म्हणेल, केवळ कॅसेटकडे पाहणारा त्याला सांस्कृतिक मुक्ती म्हणेल. दोन्ही विधाने अर्धवट आहेत.

कॅसेटचे नुकसानही मांडले पाहिजे. जलशातला श्रोता प्रश्न विचारी. कॅसेट पुढे जाते, थांबत नाही. गाणे विकाऊ झाल्यावर चालीसाठी सिनेमाची उचल सुरू झाली. विचाराच्या गाण्यापेक्षा जयघोषाचे गाणे अधिक खपते, हे विक्रेत्याला लवकर कळले. बाबासाहेबांचे नाव प्रत्येक कडव्यात आले, त्यांचा प्रश्न मात्र काही कडव्यांतून निघून गेला.

६

दोन आवाजांची टक्कर १९८७-८८ मध्ये झाली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. रस्ते ओस पडत, संचाला हार घातले जात. याच काळात महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. त्यातल्या राम-कृष्णावरील परिशिष्टावरून गदारोळ उठला. ते वगळावे म्हणून मोर्चे निघाले, शासन डळमळले. उत्तरादाखल ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी मजकूर राहिला. शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप मात्र त्याला जोडली गेली.

या घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. एका रामाला शासनाच्या वाहिनीवर दर आठवड्याला वेळ मिळाला, आणि त्याखाली 'शासन सहमत नाही' अशी टीप कधी आली नाही. त्याच रामाविषयी प्रश्न विचारणाऱ्या पुस्तकाला ती टीप घेऊन जगावे लागले. त्याच हिवाळ्यात 'तमस' दाखवली गेली. तिच्या आरंभी डुक्कर मारायला लावला जाणारा नत्थू हा चामड्याचे काम करणारा माणूस आहे. म्हणजे दंगलीचा पहिला बळी आपलाच. ती थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले, पण न्यायालयाने प्रक्षेपण होऊ दिले.

उत्तरेत आणखी एक गोष्ट घडली. रामायण वाल्मीकीच्या कथेच्या अखेरीआधीच संपते आहे हे पाहून १९८८ मध्ये जालंधरसारख्या शहरांतल्या वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला, आणि पुढचे भाग काढावे लागले. आपल्यापैकी अनेकांना हा संप विपरीत वाटेल: ज्या कथेत शंबूक मारला जातो, तिच्याच पुढच्या भागासाठी झाडू खाली ठेवायचा? परंतु त्यातले दुसरे सत्यही मान्य केले पाहिजे. प्रेक्षक म्हणून ज्याला कोणी मोजले नव्हते, त्याने श्रम थांबवून आपली मोजदाद करवून घेतली. मागणी कोणती आणि ताकद कोणती, हे वेगळे तपासावे लागते.

७

पुढच्या दशकांचेही असेच मधले सांधे आहेत. 'फँड्री' २०१४ मध्ये, 'कोर्ट' २०१५ मध्ये आणि 'सैराट' २०१६ मध्ये चित्रपटगृहांत आले. २०१६ च्याच सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट फोनवर आले. पूर्वी उंबऱ्याबाहेरून पाहणारा मुलगा आता कॅमेऱ्यामागे उभा होता. खासगी मराठी वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरची दैनंदिन मालिका १८ मे २०१९ रोजी सुरू झाली. मुंबई दूरदर्शन सुरू झाल्याला तेव्हा ४६ वर्षे उलटली होती. आणि २०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदीत, दूरदर्शनने पुन्हा 'रामायण' लावले. त्याच आठवड्यांत देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांतून कंत्राटी मजूर पायी गावाकडे निघाले होते.

आज चाकणच्या खोल्यांत मराठवाड्यातला, विदर्भातला, बिहारमधला तरुण कंत्राटावर राहतो. मोटारीचे सुटे भाग जोडून तो परततो आणि हातातला पडदा उघडतो. त्याला कोणाच्या दारात बसावे लागत नाही. उंबरा गेला, हे मोठेच परिवर्तन आहे. परंतु जलशातली जमात, जी ऐकून झाल्यावर भांडत होती, तीही गेली. प्रत्येकजण एकटा पाहतो, आणि काय पाहायचे हे ठरवणारा मालक दिल्लीहूनही दूर बसलेला आहे.

म्हणून दोन कामे सुचवावीशी वाटतात. पट्ट्यातल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत गंजत पडलेल्या कॅसेटी गोळा कराव्यात; कोणी गायले, कोठे मुद्रित झाले, कोणी विकले, हे जुन्या माणसांकडून लिहून घ्यावे. फीत बुरशीने जाते आणि माणसे वयाने जातात, तेव्हा हे काम उद्यावर टाकता येणार नाही. दुसरे काम कार्यकर्त्यांचे. महिन्यातून एकदा विहारात एकत्र बसून काही पाहावे, ऐकावे, आणि संपल्यावर त्यावर वाद घालावा. वाद घालणारा प्रेक्षक जलशाने घडवला होता. तो पुन्हा घडवायचा असेल तर सुरुवात विहारातल्या सतरंजीवरूनच करावी लागेल.