डॉक्टरांमधली चर्चा डॉक्टरांपुरतीच का?

"डॉक्टर, हा मेसेज एका एमडी डॉक्टरांचाच आहे, मग हे औषध सुरू करू ना?" असे विचारणारे नातेवाईक ओपीडीत नेहमी भेटतात. बऱ्याचदा मेसेज खरा असतो, लिहिणारे डॉक्टरही खरे असतात. पण तो त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो.

डॉक्टर आपसात बोलतात तेव्हा बरेच काही गृहीत धरलेले असते. कोविडमधले डेक्सामेथासोन आठवा. जून 2020 मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष आले. रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस, एवढ्या डोसने ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांमधील मृत्यू कमी झाले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली. डॉक्टरांमध्ये "डेक्सा 6, 10 दिवस" एवढे म्हटले तरी पुरते, कारण रुग्ण कोणता हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. तोच मजकूर फॉरवर्ड होत घरी येतो तेव्हा नेमकी ऑक्सिजनची अट गळालेली असते. घरी बसलेल्या मधुमेही रुग्णाने ते घेतले तर साखर भडकते, प्रतिकारशक्ती दबते. 2021 मध्ये भारतात म्युकरमायकोसिसचे एवढे रुग्ण आढळले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही मोठी कारणे होती. (फॉरवर्ड करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, हे मान्य.)

दुसरा मुद्दा तुमच्या गोपनीयतेचा. अवघड केसमध्ये सहकाऱ्याचे मत घेणे योग्यच आहे. शंका असली की मीही ईसीजी हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतो. मात्र नाव, फोन नंबर झाकलेला हवा. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती तुमच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. "माझे रिपोर्ट कोणाला पाठवणार?" हे निःसंकोच विचारा. आणि आईचा रिपोर्ट नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी आईलाही विचारा.

असा मेसेज आला तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तो कोणत्या रुग्णांसाठी आहे, कधीचा आहे, आणि तुमची किडनी, साखर व चालू गोळ्या पाहता तुम्हाला लागू आहे का, एवढे विचारा. त्याच्या भरवशावर चालू औषध बंदही करू नका. स्टेरॉइड आधीच सुरू केले असेल आणि बरेच दिवस झाले असतील, तर ते एकदम थांबवणे धोक्याचे ठरू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.