कोकणचा उभा रस्ता

पावसाळी धुक्यात एकट्यानेच गाडी काढून रेवसपासून रेडीपर्यंत समुद्र उजवीकडे ठेवत जायचं, ही हौस आता इतकी रुळली आहे की हा रस्ता किनाऱ्याइतकाच जुना असावा असं वाटतं. कोकणचा इतिहास पाहिला तर चित्र उलटं दिसतं. इथला उत्तर-दक्षिण प्रवास समुद्रातून होई. जमिनीवरच्या मोठ्या वाटा बंदरापासून घाटाकडे, म्हणजे आडव्या जात. आणि ज्या महिन्यांत आज धुकं पाहायला माणसं किनाऱ्यावर येतात, नेमक्या त्याच महिन्यांत हा किनारा प्रवासाला बंद असे.

अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. मधल्या काळात तो किनाऱ्याने खाली सरकला नाही. घाट चढून जुन्नरला आणि तिथून बीदरला गेला. त्याला बहमनी राजधानीच गाठायची होती, तेव्हा एकट्या त्याच्या मार्गावर सगळा भार टाकता येणार नाही. त्याहून भक्कम पुरावा जुन्या बाजारपेठांच्या जागांचा आहे. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण यांतलं एकही गाव समुद्राच्या तोंडावर नाही. भरतीच्या पाण्यावर गलबतं किंवा होड्या जिथवर आत येऊ शकत, तिथे ही गावं वसली. वरंधा, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा अशा घाटांनी उतरलेले बैलांचे तांडे तिथे माल टाकत आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन वर जात. पुढे मुंबई-गोवा महामार्ग झाला तो याच गावांना ओवत, किनाऱ्यापासून बराच आत. कारण सरळ आहे: मुखाशी अफाट पसरलेली खाडी तिथे अरुंद होते आणि पूल बांधणं आवाक्यात येतं.

यावर कोणी म्हणेल, सुवर्णदुर्गापासून विजयदुर्गापर्यंत किल्ल्यांची एवढी रांग उभी होती, ती रस्त्याशिवाय सांभाळली कशी? ती आरमाराने सांभाळली. आंग्र्यांची सत्ता या गलबतांवर चाले. दोन किल्ल्यांमधला जवळचा रस्ता म्हणजे पाणी. माणसं किनाऱ्याने चालतही होती, हे नाकारायचं कारण नाही. पुळणीवरून चालावं, खाडी आली की तरीवाल्याला हाक मारावी, ओहोटी असेल तर थांबावं, पलीकडे पुन्हा टेकडी चढावी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण अशा एकामागून एक खाड्या ओलांडत पायी माणूस जाईल. भरलेली बैलगाडी मात्र जाणार नाही, आणि व्यापारी रस्ता म्हणायचा तर गाडी जायला हवी.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, तरी हीच घडी टिकली. फक्त शिडाच्या जागी वाफ आली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी शिमग्याला घरी निघे तो बोटीने. बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या असं सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला आणत. पावसाळा तोंडावर आला की ही वाहतूक थांबे, ती नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र निवळेपर्यंत. ‘रामदास’ बोट तर 17 जुलै 1947 ला, भर पावसाळ्यात बुडाली, मग बंदी कुठली, असा आक्षेप येईल. ती मुंबईहून रेवसला निघाली होती. हा पल्ला जवळचा म्हणून पावसातही चालू असे; रत्नागिरी-मालवणचा लांबचा प्रवास बंदच असे. आणि जवळच्या पल्ल्यातही सहाशेहून अधिक माणसं गेली, यावरूनच बाकीची बंदरं का बंद ठेवत ते कळावं.

रेवस-रेडी सागरी मार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. ते 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. पुढच्या काळात आगबोटींची लांबच्या पल्ल्याची प्रवासी वाहतूक संपली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि जुनी बंदरं मासेमारीपुरती उरली. समुद्रातून जाण्याची सक्ती संपल्यावरच त्याच्याकडे निवांत बघण्याची सोय झाली, असं माझं मत आहे. म्हणून हा रस्ता पर्यटकांसाठी काढला असं मात्र नाही. मासळी, हापूस आणि दवाखाना गाठण्यासाठी किनाऱ्यावरच्या गावांनाच तो हवा होता. त्यांच्या मागणीपुढे खाड्यांची मुखं मात्र अजून पुरती नमलेली नाहीत. बाणकोटच्या खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं रखडला, आणि दाभोळहून धोपाव्याला जाताना गाडी फेरीबोटीवर चढवण्याची पद्धत पडली. हौशी प्रवाशाला ती गंमत वाटते. रात्री आजारी माणसाला घेऊन निघालेल्याला शेवटची फेरी चुकणं परवडत नाही, तेव्हा ही गंमत लवकर संपलेली बरी.