बाराव्या गड्याची आरोळी

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्स्विक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांत जो सामना झाला, त्याला अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभ मानतात. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते आणि चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती. आजच्या अमेरिकन फुटबॉलशी त्या खेळाचे नाते नावापुरतेच. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. या सामन्याच्या ज्या आठवणी पुढे सांगितल्या गेल्या, त्यांतील एक तपशील आम्हांला निकालापेक्षा मोलाचा वाटतो. प्रिन्स्टनच्या गड्यांपाशी एक आरोळी होती. तिचे नावच 'भिववणारी' अशा अर्थाचे होते. खेळता खेळता ती ठोकायची आणि समोरच्याला दचकवायचे, असा बेत. परंतु आरोळीत दम खर्च होतो आणि खेळायलाही तोच दम लागतो, हे लवकरच ध्यानात आले. आठवड्याने प्रिन्स्टन येथे दुसरा सामना झाला तेव्हा आरोळीचे काम बाहेर उभ्या असलेल्या पाठीराख्यांवर सोपवण्यात आले, आणि प्रिन्स्टनने तो ८-० असा जिंकला, असे सांगतात.

तेव्हा प्रेक्षकाची आरोळी मुळात गड्याची होती; प्रेक्षकाने ती त्याच्याकडून उसनी घेतली. या खेळाच्या प्रेक्षागारांत होणारा आवाज इतका भयकारी का असतो, याचा विचार करताना हे उसनेपण विसरून चालत नाही.

आपल्याकडील वाचकाला येथे थोडे थांबवून खेळाची एक बाब सांगणे भाग आहे. क्रिकेटच्या मैदानावरील गलका ही बहुतांशी दाद असते. षटकार गेला की तो उठतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये आवाज घटनेच्या आधी केला जातो. हा खेळ तुकड्यातुकड्यांनी चालतो. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी चढाई करणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक तोंडाने सांकेतिक शब्द आणि आकडे पुकारतो, समोरच्यांची मांडणी पाहून ऐनवेळी बेत बदलतो आणि ठरलेल्या उच्चारावर चेंडू मागे दिला जातो. आघाडीच्या फळीतील गड्यांनी तोवर तसूभरही हलायचे नाही. हलल्यास पाच यार्डांचा दंड. चेंडू केव्हा सुटणार हे चढाई करणाऱ्यांना ठाऊक आणि बचाव करणाऱ्यांना अज्ञात, एवढाच काय तो चढाईचा फायदा. हा फायदा सर्वस्वी उच्चारलेल्या शब्दावर उभा आहे. तो शब्द तीन हातांवरच्या गड्याला ऐकू आला नाही, तर त्याला शेजाऱ्याच्या हालचालीकडे डोळे लावून बसावे लागते, आणि समोरचा बचावपटू त्याच्या आधी सुटतो.

म्हणून यजमान विद्यापीठाचे प्रेक्षक पाहुण्यांच्या चढाईच्या वेळी कंठ फोडून ओरडतात, आणि स्वतःचा संघ चढाईला आला की चिडीचूप होतात. नवख्याला ही शांतता आवाजाहून अधिक चमत्कारिक वाटावी. लाखभर माणसे, बहुतेक तरुण, त्यांतील पुष्कळ सकाळपासून बिअर पीत असलेली, आणि तरीही ठरल्या क्षणी गप्प! धाक या शिस्तीचा असतो, असे आमचे मत आहे. मराठीत गलका आणि गजर हे शब्द आपण वेगळे ठेवतो: गलका आपोआप होतो, गजर करावा लागतो. येथे गलक्याचे रूप घेतलेला गजर असतो.

या गजराला सिद्धान्तच मिळाला तो टेक्सासमध्ये. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे टेक्सास ए अँड एम आणि सेंटर कॉलेज यांचा सामना चालू असताना ए अँड एमचे गडी एकामागून एक जायबंदी होऊ लागले. बास्केटबॉलसाठी फुटबॉलचा संघ सोडलेला ई. किंग गिल हा विद्यार्थी त्या दिवशी प्रेक्षकांत होता. प्रशिक्षकांनी त्याला खाली बोलावले. एका जखमी गड्याचा पोशाख चढवून तो सामना संपेपर्यंत बाजूला उभा राहिला. त्याला मैदानात उतरण्याची वेळ आलीच नाही. ए अँड एमने सामना २२-१४ असा जिंकला. अकरांच्या संघाचा हा बारावा गडी पुढे त्या विद्यापीठाचे दैवत झाला, आणि आजही तेथील विद्यार्थी पूर्ण सामना उभे राहून पाहतात: बोलावणे आले तर तयार असावे म्हणून. मध्यरात्री मैदानावर जमून दुसऱ्या दिवशीच्या आरोळ्यांची तालीम होते; विद्यार्थ्यांनीच निवडून दिलेले म्होरके हातवाऱ्यांनी आरोळी सुचवतात आणि ती खूण ओळीओळीने मागे पोहोचवली जाते. न खेळलेल्या गड्याचे हे स्मारक. कर्तृत्व उभे राहण्यात आहे, ही कल्पना प्रेक्षकाला किती सोयीची!

प्रेक्षागारांच्या बांधणीविषयी पुष्कळ बोलले जाते. हार्वर्डचे प्रबलित काँक्रीटचे स्टेडियम १९०३चे, येलचे वाडग्याच्या आकाराचे १९१४चे. पहिल्या महायुद्धानंतर तर मोठ्या विद्यापीठांत अशा वाडग्यांची चढाओढच लागली. पण आकार आणि आवाज यांचे प्रमाण सरळ नाही. मिशिगनचे १९२७चे स्टेडियम आज एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक सामावते, तरी त्याचा वाडगा उथळ आणि पसरट असल्याने आवाज आकाशात विरतो, अशी तक्रार दीर्घकाळ होती. २०१० साली दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ती काहीशी मिटली. उलट ओरेगनचे ऑटझन स्टेडियम जेमतेम ५४,००० आसनांचे, पण त्याच्या पायऱ्या मैदानाला इतक्या खेटून आहेत की पाहुणे संघ त्याला वचकून असतात. सिअ‍ॅटलच्या हस्की स्टेडियममध्ये दोन्ही बाजूंच्या छपरांवरून आवाज परतून खाली येतो. १९९२ साली नेब्रास्काविरुद्धच्या रात्रीच्या सामन्यात तेथे १३३.६ डेसिबलची नोंद झाली, हे आजही अभिमानाने सांगितले जाते. अशा आकड्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. यंत्र कुठे आणि कोणाच्या तोंडाजवळ धरले होते, यावर बरेच अवलंबून असते.

लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या टायगर स्टेडियमची कथा अशीच तपासून घ्यावी लागते. उकाड्यामुळे तेथे १९३१पासूनच रात्री सामने होऊ लागले. पायऱ्यांखाली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या खोल्या होत्या. 'मृत्यूची दरी' हे त्याचे लाडके नाव. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी ऑबर्न ६-० असे पुढे असताना, शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा, टॉमी हॉडसनने एडी फुलरकडे चेंडू फेकला, यजमान ७-६ असे जिंकले, आणि विद्यापीठाच्याच भूशास्त्र विभागातील भूकंपमापकावर त्या क्षणाची रेघ उमटली. धाक घालणाऱ्या प्रेक्षकांचे उदाहरण म्हणून हा सामना नेहमी सांगितला जातो. वस्तुतः त्या वेळी चढाई यजमानांची होती. रेघ उमटली ती आनंदाची, आणि तीही बहुधा घशांपेक्षा उड्या मारणाऱ्या पायांनी उमटवलेली. ऑबर्नच्या क्वार्टरबॅकला ज्या आवाजाने छळले असेल, त्याची नोंद कोणत्याही यंत्रावर नाही.

आवाजाच्या वेळेचे महत्त्व मोजून दाखवले ते पेनसिल्वेनिया राज्य विद्यापीठाच्या एका ध्वनिशास्त्रज्ञाने. २००७च्या हंगामात बीव्हर स्टेडियममध्ये ध्वनिमापके ठेवून त्याने यजमानांच्या आणि पाहुण्यांच्या चढाईतील आवाज ताडून पाहिला. पुढे रिकाम्या स्टेडियममध्ये ध्वनिवर्धक आसनाआसनांवर हलवून, कोणत्या जागेचा आवाज मैदानावर कुठे पोहोचतो याचा नकाशा काढला. २०११पासून विद्यार्थी मैदानाच्या एका टोकाला, एकत्र बसवले गेले.

नियमांनी या आवाजाला वेसण घालण्याचा यत्न केला नाही असे नाही. एके काळी पाहुण्या क्वार्टरबॅकने वळून पंचाकडे दाद मागावी आणि पंचाने खेळ रोखून प्रेक्षकांना शांत व्हायला सांगावे, अशी सोय होती. शांत व्हायला सांगितलेला जमाव काय करतो, हे सांगायला नको. मिसिसिपी राज्य विद्यापीठाचे प्रेक्षक गाईच्या गळ्यातील घंटा घेऊन येतात. १९६०च्या दशकात तेथील दोन प्राध्यापकांनी या घंटांना मुठी जोडून दिल्या, ही विद्येची सेवा आम्हांला विशेष भावते. दक्षिणेतील विद्यापीठांच्या संघटनेने १९७४ साली कृत्रिम आवाजांवर बंदी घातली, घंटा कोटांखालून येतच राहिल्या, आणि २०१० साली तडजोड झाली: घंटा आणाव्यात, पण ठरलेल्या वेळीच वाजवाव्यात.

येथवर सारे गमतीचे. पण समोरच्याचा शब्द बुडवण्याची ही कला नेहमीच खेळापुरती राहिलेली नाही. २९ सप्टेंबर १९६२ रोजी जॅक्सन येथे मिसिसिपी विद्यापीठ आणि केंटकी यांचा सामना होता. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा, असा न्यायालयाचा आदेश झाला होता आणि राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट तो मानायला तयार नव्हते. मध्यंतरात ते मैदानावर आले आणि मोजकी वाक्ये बोलले: या राज्यावर, येथल्या लोकांवर, चालीरीतींवर आपले प्रेम आहे. मेरेडिथचे नाव घेण्याची गरजच नव्हती. यादवी युद्धातील दक्षिणेचे झेंडे फडकत होते आणि पायऱ्या गर्जत होत्या. दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्ड येथे, विद्यापीठाच्या आवारात, दंगल उसळली. दोन माणसे मेली. १ ऑक्टोबरला मेरेडिथने सैन्याच्या बंदोबस्तात नाव नोंदवले. आरोळीने दंगल घडवली असे आम्ही म्हणणार नाही. पण इंग्रजीतल्या 'वुई'ला जो भेद बोलून दाखवता येत नाही, तो मराठीला येतो: 'आपण' ऐकणाऱ्याला आत घेतो, 'आम्ही' बाहेर ठेवतो. त्या रात्री पायऱ्यांवरून 'आम्ही' गर्जले, आणि बाहेर कोण राहिले हे सर्वांना कळले.

पाच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९६७ रोजी, तेच दोन संघ केंटकीच्या मैदानावर भेटले. त्या दिवशी केंटकीकडून नेट नॉर्दिंग्टन खेळला: दक्षिणेच्या त्या संघटनेतील सामन्यात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. त्याचा खोलीतला सोबती ग्रेग पेज, तोही कृष्णवर्णीय, सरावात जबर जखमी होऊन आदल्याच रात्री मरण पावला होता. नॉर्दिंग्टन काही मिनिटे खेळला आणि खांदा दुखावून बाहेर आला. त्याच हंगामात त्याने विद्यापीठ सोडले. मिसिसिपी विद्यापीठाने १९९७ साली स्टेडियममध्ये काठ्या आणण्यास मनाई केली. झेंड्यांवर थेट बंदी घालण्याऐवजी झेंड्यांच्या काठ्या काढून घेतल्या. आरोळीला काठी नसते.

खेळाने मात्र बोलण्याच्या इतर वाटा शोधल्या. चेंडू देणारा गडी मान हलवतो आणि फळी मनात आकडे मोजते. सीमारेषेवरून मोठमोठ्या चित्रांचे फलक उंचावून बेत कळवले जातात. त्या खुणा चोरण्याचे प्रकारही ओघाने आले. अखेर २०२४ साली मोठ्या विद्यापीठांच्या विभागात प्रशिक्षकाला मैदानावरील एका गड्याच्या शिरस्त्राणात रेडिओवरून बोलण्याची परवानगी मिळाली. चेंडू सोडण्याच्या मुदतीतील पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. उरलेल्या दहा जणांना बेत सांगायचा तो तोंडानेच किंवा हातानेच, आणि नेमके त्याच वेळी पायऱ्यांवरचे सारे उठून उभे राहतात.