सत्तरीनंतरचा आरोग्य विमा: आई-वडिलांसाठी काय निवडावे?

उतारवयात मोतीबिंदू, गुडघ्याचे सांधे बदलणे, अँजिओप्लास्टी, प्रोस्टेटचा त्रास, न्यूमोनिया किंवा पडून खुब्याचे हाड मोडणे अशा कारणांनी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. दाखल करतानाच "योजनेचे कार्ड आहे का? पॉलिसी कोणती?" असे विचारले जाते. त्या घाईत निर्णय चुकतात, म्हणून तो आई-वडील ठणठणीत असतानाच घ्यायला हवा. त्यासाठी सरकारी योजना, खासगी विमा आणि घरची शिल्लक यांपैकी कशातून कोणता खर्च भागतो, हे आधी समजून घेऊ.

70 वर्षांवरील सर्वांसाठी: आयुष्मान वय वंदना कार्ड

ही सोय 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. आधार कार्डानुसार वय 70 किंवा अधिक असेल, तर उत्पन्न कितीही असले तरी हे कार्ड मिळते. निवृत्त अधिकारी, दुकानदार, शेतकरी, सगळेच पात्र आहेत.

- एका कुटुंबातील सत्तरीवरील सदस्यांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. आई आणि वडील दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते.
- आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरला जातो. प्रतीक्षा काळ नाही, हप्ताही नाही.
- खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते.
- सीजीएचएस किंवा ईसीएचएसचे लाभार्थी असाल, तर दोन्हींपैकी एकच निवडावे लागते. त्या योजनांत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही मिळतात, त्यामुळे बदल करताना नीट विचार करा.

नोंदणी आयुष्मान अ‍ॅपवर आधारच्या साहाय्याने होते. माहितीसाठी हेल्पलाइन 14555 आहे.

या कार्डाच्या मर्यादाही लक्षात ठेवा. उपचार फक्त योजनेतील रुग्णालयातच आणि ठरलेल्या पॅकेजनुसार होतात. रोजच्या गोळ्या आणि दवाखान्यातील नेहमीची तपासणी त्यात येत नाही. घराजवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे आणि तिथे हृदयरोग, अस्थिरोग यांपैकी कोणते विभाग योजनेखाली चालतात, हे आजच विचारून ठेवा. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तिथे ही माहिती मिळते.

आई-वडील अजून सत्तरीचे नसतील, तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. त्यातही प्रति कुटुंब वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे.

कार्ड मिळाले म्हणून जुनी पॉलिसी बंद करू नका

"आता सरकारी कार्ड आहे, मग हप्ता कशाला भरायचा?" असे अनेक घरांत विचारले जाते. पण तुमचे नेहमीचे रुग्णालय योजनेत नसेल, किंवा वर्षभरात दोघांनाही मोठा आजार झाला, तर खासगी पॉलिसीच उपयोगी पडते. शिवाय जुनी पॉलिसी एकदा तुटली की प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हप्ता झेपत नसेल, तर ती बंद करण्याआधी विम्याची रक्कम कमी करता येते का, किंवा दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येते का, ते पाहा. पोर्ट करायचे असल्यास नूतनीकरणाच्या दोन महिने आधीच चौकशी सुरू करा.

साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता एका वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. तसेच 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी रद्द झाला आहे.

नवी पॉलिसी घेताना काय वाचावे?

1. प्रतीक्षा काळ: आधीच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त 3 वर्षे असू शकतो. जितका कमी, तितके चांगले.
2. को-पे: म्हणजे बिलातील तुमचा वाटा. 20 टक्के को-पे असेल, तर 3 लाखांच्या मंजूर बिलात 60,000 रुपये तुम्हाला भरावे लागतात.
3. खोलीभाड्याची मर्यादा: मर्यादा 4,000 रुपयांची आणि तुम्ही 8,000 रुपयांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही निम्माच मंजूर होतो. फरक फक्त भाड्यापुरता राहत नाही.
4. आजारानुसार मर्यादा: मोतीबिंदू आणि सांधे बदलण्यासाठी वेगळी कमाल रक्कम आहे का, ते पाहा.

कमी हप्त्याची पॉलिसी बहुतेक वेळा यांपैकीच कशात तरी कपात करते. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत ती परत करण्याची मुभा असते. ते दिवस वाचनासाठी वापरा.

आजार लपवू नका

एजंटने "शुगरचे लिहू नका, हप्ता वाढेल" असे सांगितले तरी ऐकू नका. दाखल करताना डॉक्टर पूर्वीच्या आजारांची नोंद केसपेपरवर करतात. ती उपचारासाठी आवश्यक असते आणि विमा कंपनीकडेही जाते. फॉर्मवर "आजार नाही" आणि केसपेपरवर "दहा वर्षांपासून मधुमेह" असे निघाले, तर दावा नाकारला जाऊ शकतो. ऐन गरजेच्या वेळी बिल घरच्यांवर पडते.

याउलट, अंदाजाने सांगितल्यानेही नुकसान होते. रक्तदाब दोन वर्षांपूर्वी निघालेला असताना नातेवाईक घाबरून "असेल आठ-दहा वर्षांचा" असे सांगतात आणि तेच लिहिले जाते. म्हणून प्रत्येक आजार कधी निघाला, ते वर्ष एका कागदावर लिहून ठेवा.

रोजच्या औषधांचे काय?

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडची औषधे आणि तपासण्या यांचा खर्च सरकारी कार्डात येत नाही, आणि बहुतेक खासगी पॉलिसींतही येत नाही. त्यासाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला ठेवा. जनऔषधी केंद्रातील जेनेरिक औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. पैशांअभावी गोळ्या मध्येच बंद करणे सर्वांत महागात पडते. नियमित गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कमी होतो.

या आठवड्यात एवढे करा

- आधारवरील जन्मतारीख तपासा. चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्या.
- वय वंदना कार्ड काढून त्याची प्रत घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.
- एका फाइलमध्ये आधार, कार्ड, पॉलिसी, जुने डिस्चार्ज कार्ड, सध्याच्या औषधांची यादी आणि आजारांची वर्षे ठेवा.
- योजनेतील जवळचे एक आणि पॉलिसीत कॅशलेस चालणारे एक, अशी दोन रुग्णालये ठरवा.
- हे सगळे आई-वडिलांसमोर बोला. फाइल कुठे आहे, हे त्यांनाही माहीत हवे.

दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. तिथे दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

छातीत दुखणे, अचानक बोलणे अडखळणे किंवा श्वास लागणे अशा वेळी मात्र कार्ड शोधत बसू नका. आधी जवळच्या रुग्णालयात पोहोचा, कागद मागून आणता येतात.