जखमेकडून वाटेकडे : उघड्यावर काम करणाऱ्यांसाठीच्या सर्पदंश-प्रथमोपचार शिक्षणाचा इतिहास (१८७२–२०२४)

प्रास्ताविक

शेतात, रानात किंवा डोंगरावर काम करणाऱ्या माणसाला इजा झाली, तर वैद्यकीय मदत मिळेपर्यंत त्याच्या सोबत्याने काय करावे, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले. प्रथमोपचार म्हणजे एक पेटी, काही पट्ट्या आणि चार औषधे, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. प्रस्तुत लेखात सर्पदंश या एका उदाहरणाच्या आधारे प्रथमोपचाराच्या शिक्षणाचा भारतातील प्रवास तपासला आहे. या प्रवासात नवे उपाय शिकवण्यापेक्षा आधी शिकवलेले उपाय सोडवणे अधिक अवघड ठरले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

बक्षीस, डागणी आणि बंध

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने सर्पदंशाकडे मुख्यतः सापांचा प्रश्न म्हणून पाहिले. साप मारून आणणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत अनेक प्रांतांत होती. फुरशांचे प्रमाण मोठे असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातही ती राबवली गेली. ज्याला साप चावतो त्या माणसाला व त्याच्या सोबत्याला काय शिकवावे, याचा विचार त्या मानाने उशिरा झाला.

या विचाराचा एक प्रारंभबिंदू म्हणजे जोसेफ फेअरर यांचा ‘थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ होय. कलकत्ता येथे शल्यचिकित्सक असलेल्या फेअरर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तत्कालीन प्रचलित उताऱ्यांची परीक्षा केली आणि त्यांपैकी एकही भरवशाचा नाही, असा निष्कर्ष काढला. तथापि काहीतरी तातडीने करणे आवश्यक आहे, या विचाराने त्यांनी दंशाच्या वर घट्ट बंध बांधणे, जखम कापणे आणि तप्त लोखंडाने किंवा निखाऱ्याने डागणे हे उपाय सांगितले. विष जखमेत आहे, तेथेच ते अडवावे वा नष्ट करावे, हे त्यामागील तर्कशास्त्र होते. गावोगावच्या परंपरागत उपचारांचे तर्कशास्त्रही यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. त्यामुळे शास्त्रीय सल्ला आणि लोकरूढी यांनी एकमेकांना बळकटी दिली.

खिशात मावणारे शस्त्र

१९०४ मध्ये लॉडर ब्रंटन, फेअरर आणि लेनर्ड रॉजर्स यांनी एक छोटे साधन पुढे आणले. लाकडी मुठीच्या एका टोकाला लहान पाते आणि दुसऱ्या टोकाच्या पोकळीत पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिक, अशी त्याची रचना होती. पात्याने जखम चिरावयाची आणि त्यात स्फटिक चोळावयाचे. डॉक्टर जवळ नसलेल्या सामान्य माणसालाही हे साधन वापरता यावे, हा त्याचा उद्देश होता. दुर्गम भागात काम करणाऱ्यांच्या हाती उपचार सोपवण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, हे मान्य केले पाहिजे.

परमँगनेट परीक्षानळीत विष निकामी करते. परंतु ऊतींमध्ये पसरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. उलट त्या ऊतींनाच इजा करते. असे असूनही या उपायाची कीर्ती टिकून राहिली. याचे कारण असे की, बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष शरीरात जातेच असे नाही. अशा प्रसंगी रोगी कोणत्याही उपचाराने, किंबहुना उपचाराविनाही वाचतो. श्रेय मात्र उपचाराला मिळते. मांत्रिकाची प्रतिष्ठा आणि परमँगनेटची प्रतिष्ठा यांचा पाया एकच होता.

पेटी आणि भिंत

याच काळात इंग्लंडमध्ये प्रथमोपचाराचे संघटित शिक्षण सुरू झाले होते. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनची स्थापना १८७७ मध्ये झाली आणि १८७८ मध्ये वुलविच येथे सर्जन-मेजर पीटर शेफर्ड यांनी नागरिकांसाठी वर्ग घेतले. खाणी, रेल्वे, कारखाने आणि पोलीस दल ही या चळवळीची प्रमुख क्षेत्रे होती. भारतातही रेल्वे व पोलीस यांच्यामार्फत हे शिक्षण पसरले.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी हाच साचा स्वीकारला. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळण्यासाठी प्रमाणपत्रधारक जबाबदार व्यक्ती बंधनकारक केली. खाणींसाठी १९५२ चा स्वतंत्र कायदा झाला. या तरतुदींचे महत्त्व मोठे आहे. परंतु पेटीला ठेवण्यासाठी जागा लागते आणि जबाबदारीसाठी मालक लागतो. बांधावर गवत कापणारी स्त्री, गुराखी, तेंदूपाने गोळा करणारे कुटुंब यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. प्रथमोपचाराचे कायदेशीर शिक्षण अशा रीतीने भिंतींच्या आत राहिले आणि साप प्रामुख्याने भिंतींच्या बाहेर होते.

प्रतिविषाने बदललेला अर्थ

१८९४ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी, तसेच त्यांच्यापासून स्वतंत्रपणे फिसालिक्स व बेर्त्रां यांनी, प्रतिविषाचे संशोधन जाहीर केले. पुढे कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्था आणि मुंबईतील हाफकिन संस्था येथे भारतीय सापांच्या विषावर प्रतिविष तयार होऊ लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे संयुक्त प्रतिविष हा भारतीय उपचाराचा आधार बनला.

यामुळे प्रथमोपचाराचा अर्थच बदलावयास हवा होता. खरे औषध शिरेतून द्यावे लागते आणि त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकत असल्याने ते रुग्णालयातच देणे सुरक्षित असते. म्हणजेच रानातील सोबत्याचे काम उपचार करणे हे न राहता, रोग्याला आणखी इजा न करता वेळेत पोहोचवणे हे झाले. तरीही ‘बांधा, कापा, चोखा’ ही सूत्रे पुढील अनेक दशके टिकून राहिली. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, अशा वेळी चिरलेली जखम वाहतच राहते. करकचून बांधलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागतो. आणि ती एकाएकी सोडल्यास अडलेले विष एकदम शरीरात पसरून श्वास बंद पडण्याचा धोका संभवतो.

परक्या भूमीतील रीत

१९७९ मध्ये मेलबर्न येथील स्ट्रुअन सदरलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दंश झालेल्या संपूर्ण अवयवावर रुंद पट्टी गुंडाळून तो स्थिर ठेवण्याची पद्धत मांडली. ऑस्ट्रेलियातील विषारी साप प्रामुख्याने नागाच्या कुळातील असल्याने तेथे ती उपयुक्त ठरली. घोणस व फुरसे यांच्या दंशात मात्र ऊतींचा नाश दंशस्थानीच होतो; तेथे दाब देऊन विष कोंडणे हितकारक नाही. शिवाय पट्टीचा दाब नेमका किती असावा, हे प्रशिक्षित व्यक्तीलाही साधणे कठीण जाते. प्रथमोपचाराचे शिक्षण त्या भूमीतील प्राणी, श्रम आणि अंतरे यांच्याशी बांधलेले असते, हे यावरून स्पष्ट होते.

भारताचा राष्ट्रीय सर्पदंश उपचार आराखडा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रथमोपचार चार क्रियांत सामावतो : धीर देणे, अस्थिभंग झाल्याप्रमाणे अवयव न आवळता स्थिर ठेवणे, तत्काळ रुग्णालयात नेणे आणि वाटेत दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगणे. रक्तगोठण तपासण्यासाठीही स्वच्छ काचेची नळी आणि २० मिनिटांचा अवधी पुरतो, असे हा आराखडा सांगतो. १८७२ च्या सल्ल्याशी तुलना करता येथे जखमेला हात लावण्याची एकही क्रिया नाही. शिकवण्याचा विषय जखम न राहता वाट झाला.

समारोप

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४५,९०० सर्पदंशमृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते. २०२० मधील पुढील अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला आणि २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. म्हणजे औषध उपलब्ध झाल्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी रोगी आणि औषध यांची भेट घडत नाही, हेच मुख्य वास्तव राहिले.

ही भेट घडवणारे ज्ञान स्थानिक स्वरूपाचे असते. प्रतिविष कोणत्या आरोग्य केंद्रात आहे, रात्री वाहन कोणाचे मिळेल, ओढ्याला पूर आल्यास दुसरा रस्ता कोणता, हे गावातील माणसाला माहीत असू शकते. हंगामात परजिल्ह्यात येऊन फडाशेजारी कोपीत जमिनीवर झोपणाऱ्या ऊसतोड मजुराला ते ठाऊक असण्याचा संभव कमी. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो. तो फारसा दुखत नाही, खूणही क्वचितच दिसते. पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या जड होतात, तेव्हा हा सर्पदंश असू शकतो हे ओळखणे आणि कोठे जावयाचे हे माहीत असणे, एवढाच खरा प्रथमोपचार उरतो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेलाही आपण नेमके कोठे आहोत, हे सांगता आले पाहिजे.

या दृष्टीने महाविद्यालयांची भूमिका विचारात घेण्याजोगी आहे. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे ज्या गावांत भरतात, तेथे पट्टी बांधण्याच्या प्रात्यक्षिकाबरोबरच गावाचा, वस्त्यांचा आणि मजुरांच्या तळांचा ‘वाटेचा नकाशा’ तयार करता येईल. जुने उपाय टाकून देण्यास लोकांना केवळ मनाई पुरत नाही; त्यांच्या जागी हातांना दुसरे काम द्यावे लागते. ज्या सोबत्याने आजवर दोरी आवळली, त्याच्या हाती फळी आणि वाहनचालकाचा क्रमांक देणे, ही गेल्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून निघणारी साधी परंतु अद्याप अपुरी राहिलेली शिकवण होय.