पुंगळीपासून टर्बोपर्यंत : गाडीचा सायलेन्सर निवडताना

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेली, अंग तेलानं चकाकणारं, आणि पुढं मालक मोटारसायकलवर. त्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमधली पुंगळी काढलेली असते. मालक ॲक्सिलरेटर पिळतो, तो फाटका आवाज म्हशीच्या कानात बसलेला असतो, आणि शेकडो माणसांच्या गर्दीतून ती नेमकी त्याच आवाजामागं धावत सुटते. आपल्या गावात एक्झॉस्टच्या आवाजाला ओळख आहे, मान आहे. म्हणूनच इथला कुणी पोरगा पहिली वेगवान गाडी घेतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ‘आवाज कसा येईल?’ हाच असतो. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटी विचारायचा आहे. बाहेरून दिसणारं टोक आणि ऐकू येणारा आवाज यांपासून निवड सुरू झाली की पैसे वाया जातात. निवड इंजिनपासून सुरू करून मागं यावी लागते. हे का, ते नीट उलगडून मांडतो.

आधी पुंगळी. आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरच्या शेपटाकडून एक नळी आत गेलेली असते. एक स्क्रू सोडवला की पक्कडीनं ओढून ती बाहेर येते, काजळी आणि तेलानं माखलेली. साफ करायला सोपं जावं म्हणून कंपनीनं ती सुटी ठेवलेली. ती काढून फेकली की आवाज फुटतो आणि गाडी हलकी वाटू लागते. पण टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट हा इंजिनचाच एक भाग असतो. सिलिंडरमधून सुटलेली दाबाची लाट फुगीर भागातून पुढं जाते, शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते, आणि पोर्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे गणित बसवलं. 1961 मध्ये त्यांचा रायडर एर्न्स्ट डेगनर पश्चिमेला पळाला आणि ती विद्या सुझुकीच्या हाती लागली. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर टू-स्ट्रोक कार्ट पळताना ऐकलीत तर एका ठरावीक आरपीएमला आवाज एकदम ताठ होतो, ती हीच परतणारी लाट. त्या पाइपची लांबी थोडी जरी बदलली तरी ताकद येण्याची जागा सरकते.

चारचाकी फोर-स्ट्रोक असते, पण लाटांचं तत्त्व तिथंही आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात चार सिलिंडरच्या चार नळ्या कुठं आणि कशा एकत्र येतात याला फार महत्त्व असतं. चारच्या थेट एक केल्या तर वरच्या आरपीएमला जोर येतो. चारच्या दोन आणि दोनाची एक केली तर मधल्या पट्ट्यात गाडी भरीव चालते, आणि करूळ किंवा आंबा घाट चढणाऱ्याला तीच उपयोगी. ‘इंजिनला थोडं बॅकप्रेशर लागतंच’ असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं, ते खरं नाही. इंजिनला हवा असतो वायूचा वेग आणि लाटेची वेळ. फार रुंद नळी बसवली की वेग मरतो, खालचा जोर जातो, आणि लोक म्हणतात बॅकप्रेशर गेलं. निरीक्षण बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे.

आज मात्र आपल्याकडच्या बहुतेक हौशी गाड्या टर्बोच्या आहेत. पोलो जीटी टीएसआय घ्या किंवा ऑक्टाव्हिया आरएस. टर्बोचं चक्र लाटांचा बराचसा जोर स्वतः खाऊन टाकतं, त्यामुळं टर्बोच्या मागं लाटांची नाजूक जुळणी उरत नाही. तिथं एकच नियम : टर्बोच्या मागं अडथळा जितका कमी तितकं चक्र मोकळं. आणि हा अडथळा सर्वांत जास्त असतो तो टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपमध्ये आणि त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. कन्व्हर्टरच्या मागचा सगळा भाग बदलून, म्हणजे ज्याला कॅट-बॅक म्हणतात ते करून, टर्बो गाडीला ताकद मिळते ती मोजकीच. तिथं बदलतो तो मुख्यतः आवाज आणि थोडं वजन. ज्याला ताकद हवी आहे त्यानं मागच्या डब्यावर खर्च करून ती मिळेल अशी आशा धरू नये.

आता व्यासाचं बोलू, कारण सर्वाधिक फसगत इथं होते. पेट्रोल इंजिन अंदाजे दर 10 अश्वशक्तीमागे मिनिटाला 0.45 किलो हवा ओढतं. 230 अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस पूर्ण जोरात असताना इंधन धरून मिनिटाला सुमारे 11 किलो वायू बाहेर टाकते. 400 अंश तापमानाला तो वायू फुगून सेकंदाला साधारण 0.36 घनमीटर होतो. अडीच इंची नळीतून तो सेकंदाला 125 मीटर वेगानं जातो, तीन इंचीतून 85 मीटरनं. अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे अडीच इंचीत तो दुपटीहून जास्त. या गाडीला तीन इंची नळीचा विचार करायला आधार आहे. आता तेच गणित 105 अश्वशक्तीच्या पोलोला लावा. दोन इंची नळीतही वेग 92 मीटरच येतो. म्हणजे दोन, फार तर सव्वादोन इंचात काम भागतं. तरीही पोलोखाली तीन इंची नळी लटकवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मिळतं काय? पहिल्याच उंच स्पीडब्रेकरला घासणारा पाइप, पोकळ घुमणारा आवाज आणि वाढलेलं वजन.

व्यासाइतकंच वळणही बघावं. साध्या बेंडरवर वाकवलेली नळी वळणाच्या आतल्या बाजूला चपटी होते. बाहेरून अडीच इंच मोजली तरी वळणात तेवढी भरत नाही. आत दांडा घालून वाकवलेली, म्हणजे मँड्रेल बेंड, पूर्ण गोल राहते. बोट फिरवून बघा, वळणाच्या आतल्या कडेला सुरकुती लागली तर ती नळी नाकारा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. सुमारे 250 ते 300 अंशाला तो जागा होतो आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचा निकाल लावतो. बीएस 6 गाडीत त्याच्या मागं दुसरा लॅम्डा सेन्सर त्याच्यावर पहारा ठेवून असतो. कॅट काढला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग तो दिवा विझवण्यासाठी संगणकाला खोटं सांगावं लागतं, आणि पीयूसीला 0.3 टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ओलांडली जाते. राजारामपुरीच्या सिग्नलला मागं स्कूटरवर कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. चार-दोन अश्वशक्तीसाठी त्याच्या तोंडावर तो धूर सोडणं मला मान्य नाही.

आता आवाज. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. 2400 आरपीएमला सेकंदाला 40 फेऱ्या, म्हणजे 80 हर्ट्झचा मूळ सूर. हा सूर केबिनच्या पोकळीशी जुळला की कानात दडे बसल्यासारखी घरघर सुरू होते, तिलाच ड्रोन म्हणतात. गॅरेजच्या दारात रेस देऊन ती कळत नाही. ती कळते पुणे-बेंगळुरू महामार्गावर, एका वेगाला अर्धा तास गाडी चालवल्यावर. मावसभावाच्या गाडीत बसून मी एकदा साताऱ्यापर्यंत गेलो होतो. परतताना आम्ही दोघंही बोलायचं थांबलो होतो, कारण कान दुखत होते. गाडी उभी असताना तोच आवाज त्याला राजेशाही वाटला होता.

यावर उपाय आहे आणि तो सुंदर आहे. मुख्य नळीला एक बंद तोंडाची आडनळी जोडायची. लाट तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि लांबी बरोबर असेल तर मुख्य लाटेच्या नेमकी उलट पडून तिला मिटवते. लांबी काढायची ती लाटेच्या चौथ्या हिश्शानं. 300 अंशाच्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे 480 मीटर जातो, तेव्हा 80 हर्ट्झसाठी ही नळी दीड मीटर लागते. एवढी जागा नसेल तर अरुंद मानेचा बंद डबा, म्हणजे हेल्महोल्ट्झ रेझोनेटर, तेच काम थोड्या जागेत करतो. बाजारातल्या बहुतेक स्वस्त डब्यांत नुसती भोकांची नळी आणि भोवती काचलोकर असते. ती वरचे कर्कश सूर खाते, 80 हर्ट्झला तिचा फारसा उपयोग नसतो. म्हणून विकत घेताना ‘डेसिबल किती’ इतकंच विचारून भागत नाही, ‘ड्रोनसाठी आत काय केलंय’ हे विचारावं.

डेसिबलच्या आकड्यांतही गफलत होते. उभ्या गाडीची चाचणी नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर होते, धावत्या गाडीची साडेसात मीटरवर. नुसत्या अंतरामुळं मोकळ्या जागेत सुमारे 23.5 डेसिबलचा फरक पडतो. नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीला आपल्याकडं 2005 पासून कारखान्यातून निघताना 74 डेसिबलची मर्यादा आहे, ती धावत्या चाचणीची.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण तो पुरेसा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 120 प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला कलम 182अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, आणि ध्वनी-प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम 190 खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. युरोपातून आलेल्या डब्यावर वर्तुळातलं ‘ई’ असतं, ते ठरावीक मॉडेलपुरतं असतं, आणि आपल्या रस्त्यावरचा परवाना म्हणून ते दाखवता येत नाही. माझा सल्ला असा की मोकळी प्रणाली ट्रॅकसाठी ठेवावी आणि मूळ सायलेन्सर भंगारात न देता नीट गुंडाळून जपावा. चार बोल्ट आणि एक क्लॅम्प, दोन तासांत बदलून होतं.

राहिला धातू, आणि इथं कोल्हापूरकराला मोठा फायदा आहे. शिवाजी उद्यमनगरात उत्तम आर्गन वेल्डिंग करणारे हात आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्रीची पिढ्यांची समज आहे. पण काम देताना काय मागायचं ते आपल्याला ठाऊक हवं. एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन जातं. ताराबाई पार्क ते बिंदू चौक अशा आखूड फेऱ्यांत ते आम्ल होऊन डब्याच्या तळाशी साचतं आणि साधं पोलाद आतून कुजवतं. त्यामुळं स्टेनलेसच घ्यावं. 409 जातीला वरून तांबूस गंज चढतो पण ती टिकते. 304 जास्त चांगली. 304 ला चुंबक चिकटत नाही, म्हणून दुकानदार चुंबक लावून दाखवतो. पण स्वस्त 202 लाही तो चिकटत नाही. 202 मध्ये मँगनीज जास्त असतं, आणि तपासणीच्या द्रवाचा एक थेंब टाकला की रंगावरून फरक कळतो. तो थेंब आपल्यासमोर टाकायला लावावा. वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडायला सांगावा, नाहीतर सांध्याच्या आतल्या बाजूला साखरेसारखे खडबडीत काळे दाणे येतात आणि पुढं तिथूनच चीर जाते.

शेवटी एक गोष्ट सगळे विसरतात. 304 तापल्यावर बरीच वाढते. तीन मीटरची नळी 300 अंशांनी तापली की सुमारे 15 मिलिमीटर लांब होते. तिला सरकायला जागा ठेवली नाही तर ती बंपरला टेकते किंवा मॅनिफोल्डच्या फ्लँजवर ताण देते. म्हणून बसवल्यावर कागलपर्यंत एक फेरी मारावी, खिडक्या बंद ठेवून घरघर कुठल्या आरपीएमला येते ते लिहून घ्यावं, आणि परत आल्यावर गाडी गरम असतानाच खाली वाकून बघावं : हँगरचे रबर तिरके ओढले गेलेत का, टोक आणि बंपर यांत बोट जातं का, आणि सांध्याभोवती काजळीची रेघ उमटली आहे का.