झगड्याचे श्रोते

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची जी यात्रा भरते, तिची कीर्ती घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजारासाठी व अलीकडच्या काळात लावणी महोत्सवासाठी सर्वदूर पसरलेली असली, तरी खंडोबाच्या उपासनेतील रात्र ही पूर्वापार वाघ्या-मुरळींच्या जागरणाची रात्र आहे. आणि त्या जागरणात श्रोते ज्या प्रसंगाची आतुरतेने वाट पाहतात, तो मणिमल्लांच्या वधाचा नसून देवाच्या दोन राण्यांमधील कलहाचा असतो. म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची कन्या, देवाशी रीतसर लग्न लागलेली; बाणाई ही चंदनपुरीच्या धनगराची लेक, जिच्यासाठी देवाने म्हाळसेशी मांडलेल्या सारीपाटात हार पत्करून घर सोडले आणि बारा वर्षे मेंढरांमागे चाकरी केली. देव बाणाईला घेऊन परत येतो, तेव्हा या दोघींची जी गाठ पडते, तिला जागरणात आरंभ असतो, पण रात्र सरेपर्यंत अंत नसतो.

हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. दिमडीचा ठेका आवरता घेतला जातो, तुणतुण्याची तार तेवढी वाजत राहते, आणि मुरळी एक पाऊल पुढे येऊन म्हाळसेच्या तोंडून बाणाईच्या कुळाचा, घोंगडीचा, मेंढरांच्या वासाचा उद्धार करू लागते. ते ऐकून घेऊन प्रतिपक्ष बाणाईच्या बाजूने उत्तर देतो की, तुझे कुळ उच्च खरे, तुझे लग्न मानाचे खरे, परंतु देव चाकरीला राहिला तो कोणाच्या दारी? नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत लिंगायत वाणी आणि हटकर धनगर हे दोन्ही समाज पिढ्यानपिढ्या नांदत आले आहेत, आणि ते एकाच जाजमावर बसून हा झगडा ऐकतात. एका ओळीला एका बाजूने मान डोलते, दुसरीला दुसऱ्या बाजूने. परंतु त्या वर्तुळाच्या कडेला आणखी एक मंडळी उभी असते, जिचा खंडोबा कुलदैवत नाही, जी घोडा विकायला किंवा विकत घ्यायला आली आहे, जिने तळी उचललेली नाही आणि भंडारा कपाळी लावला तो केवळ शेजाऱ्याने लावला म्हणून. ही मंडळी कथेसाठी थांबत नाही, झगड्यासाठी थांबते. या लेखाचा विषय ही कडेला उभी राहिलेली माणसे आहेत.

दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन त्यांच्याविषयी नवे कथाप्रसंग रचणे, आणि कोणत्या पात्राचे कोणावर प्रेम असावे, कोणाचा पक्ष न्याय्य, या प्रश्नांवरून रचणाऱ्यांनी आपसांत तट पाडून हिरिरीने भांडणे, या प्रकाराला हल्ली इंटरनेटवर 'फॅन फिक्शन' असे नाव आहे. आणि ज्यांनी त्यातील एकही कथा वाचलेली नसते, असे असंख्य लोक त्या मंडळींची भांडणे मात्र मोठ्या आवडीने वाचतात, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पाश्चात्त्य देशांत कथेत अशी भर घालण्याच्या वृत्तीचा इतिहास सांगताना बहुधा शेरलॉक होम्सपासून आरंभ करतात, कारण १८९३ मध्ये कॉनन डॉइलने आपल्या नायकाला दरीत लोटले, तेव्हा वाचकांनी असा रोष प्रकट केला की, अखेरीस १९०३ मध्ये लेखकाला त्याला परत आणावे लागले. आमच्याकडे हा व्यवहार याहून फार जुना आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच कारणास्तव की, तीन शतकांच्या अवधीत भाविकांनी प्रेमापोटी आपापल्या ओव्या तिच्यात मिसळल्या होत्या. आणि यापुढे कोणी तसे करू नये अशी सक्त ताकीद त्यांना ग्रंथाच्या शेवटी द्यावी लागली. मोरोपंतांनी तर रामकथा एकदा सांगून समाधान मानले नाही; त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगतात आणि त्यांपैकी एकात ओष्ठ्य वर्ण येऊ दिलेला नाही. मूळ कथेवरील निष्ठा आणि तिच्यात भर घालण्याची अनावर इच्छा, या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात कशा नांदतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

मराठवाड्यात या इच्छेला सर्वांत मोकळे रान मिळाले ते गोंधळात. गोंधळ्यांमध्ये माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई असे दोन भेद आहेत, आणि नांदेड-लातूरचा मुलूख या दोन पीठांच्या मध्ये पसरलेला असल्यामुळे येथील खेड्यांना दोन्ही परंपरांचा लाभ झाला. धान्याचा चौक भरून, दिवटी पाजळून, संबळाच्या साथीने देवदेवतांना गावोगावहून पाचारण करण्याचा पूर्वरंग आटोपला की उत्तररंगात आख्यान लागते, आणि तेथे नायकाचा साथीदार मधूनमधून जे प्रश्न विचारतो, ते श्रोत्यांच्या मनातील असतात. जांभूळ आख्यान हे याच परंपरेतले. द्रौपदीचे मन कर्णाकडे ओढले गेले होते आणि वनात जांभळाच्या निमित्ताने कृष्णाने तिच्याकडून ती कबुली काढून घेतली, या कथेला व्यासांच्या भारतात आधार सापडत नाही. परंतु कर्णावर अन्याय झाला असे ज्यांना मनोमन वाटत होते, त्यांनी ती रचली, गाइली आणि टिकवली. शाहीर विठ्ठल उमप यांनी हेच आख्यान रंगमंचावर नेले, तेव्हा गोंधळ घरी कधीही न घातलेल्या शहरी प्रेक्षकांनीही त्याला गर्दी केली.

तथापि झगडा हाच ज्याचा प्राण, झगड्यावाचून ज्याला अस्तित्वच नाही, असा पंथ म्हणजे कलगी-तुऱ्याचा. कलगीवाले शक्तीचे, तुरेवाले शिवाचे. माया श्रेष्ठ की ब्रह्म श्रेष्ठ, प्रकृती आधी की पुरुष आधी, हा जो वाद दर्शनकारांनी पोथ्यांमध्ये घातला, तोच या शाहिरांनी डफावर घातला. डफाला कलगी बांधली की एक पक्ष झाला, तुरा बांधला की दुसरा. सामना लागला म्हणजे एका फडाने भेदिक कवनातून सवाल टाकावयाचा, पुराणातील एखादी आडवाटेची वंशावळ, एखाद्या शापाचे कारण, एखाद्या अवताराचा क्रम विचारावयाचा, आणि प्रतिपक्षाने त्याच चालीत त्याचा उलगडा करून उलट आपला सवाल चढवावयाचा. हजरजबाबीपणा हवाच, परंतु केवळ त्याने भागत नसे. ज्या शाहिराने गुरूच्या पायाशी बसून पुराणे, उपनिषदांतील कथा आणि योगमार्गाची परिभाषा मुखोद्गत केली नसेल, त्याचा पहिल्या प्रहरीच निकाल लागे. या कवनकारांत ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व जातींचे आणि मुसलमानही होते. आपल्या समाजात ज्यांना वेदान्ताच्या पाठशाळेत प्रवेश नव्हता, त्यांनी वेदान्तावर रात्रभर वाद घालण्याची स्वतःची जागा निर्माण केली, ही गोष्ट मला मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील फार मोठी घटना वाटते, आणि तिची आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी पुरेशी कदर केलेली नाही.

आता या सामन्याला जमणारा समुदाय पाहिला पाहिजे. त्यातील मूठभर लोक शिष्यशाखेतले, ज्यांना सवालाचा शास्त्रार्थ कळे. उरलेले सारे बाहेरचे. त्यांना प्रकृती-पुरुषाचा विवेक किती समजत असेल, हे सांगणे नलगे. परंतु कोणाचा सवाल अडला, कोणाच्या कपाळी घाम आला, कोणाचा झीलकरी गडबडला, हे त्यांना अचूक कळे, आणि त्यासाठी ते पहाटेपर्यंत बसत. विद्वानांनी अशा श्रोत्यांना नेहमीच हिणवले आहे. मला ते मान्य नाही. सोलापूरच्या राम जोशींचे चरित्र या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. वैदिक जोशी घराण्यातला, पुराणिक भावाच्या धाकात वाढलेला हा मुलगा शेजारच्या धोंडी शाहिराच्या फडाबाहेर उभा राहून ऐकू लागला. ऐकता ऐकता आत गेला. त्यापायी घराबाहेर पडला. पुढे पंढरपुरास जाऊन संस्कृताचे अध्ययन करून आला, आणि लावणीला त्याने जे पांडित्य आणि जी झळाळी दिली, ती पाहून खुद्द मोरोपंतांनी त्याचा गौरव केला. फडाबाहेर केवळ गंमत पाहण्यास उभ्या राहणाऱ्यांत असा एखादा असतो. तो कोण, हे त्या रात्री कोणालाच ठाऊक नसते, त्यालाही नसते.

परंतु याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो श्रोता झगड्यासाठी येतो आणि पैसा टाकतो, तो हळूहळू झगड्याचा धनी होतो. उत्तर पेशवाईत पुण्यात होनाजी बाळा आणि जेजुरीचा सगनभाऊ यांची चुरस जेव्हा आश्रयदात्यांच्या करमणुकीचा विषय झाली, तेव्हा सवालातील शास्त्रार्थ मागे पडत गेला आणि उखाळ्या-पाखाळ्या पुढे आल्या. लातूरसारख्या ठिकाणी पुढे हेच निराळ्या रीतीने घडले असले पाहिजे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा फाटा लातुरास पोहोचला, आडतीचा व्यापार वाढला, गंजगोलाईभोवती सोळा रस्त्यांची बाजारपेठ उभी राहिली, आणि हंगामाचा पैसा हातात खुळखुळत असलेला व्यापारी, दलाल, हमाल, गाडीवान असा नवा श्रोता तयार झाला. हा श्रोता आला की फडाला सुपारी चांगली मिळे, दौलतजादा होई, कलावंतांची चूल पेटे. परंतु त्याची फर्माईश भेदिकाची नसे. सवाल-जबाब राहिला, पण प्रकृती-पुरुषाऐवजी तो कृष्ण-गौळणीचा झाला, आणि पुढे दोन नायकिणींचा. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटात कलगी-तुऱ्याचा सामना निदान त्याच्या मूळ रूपाची ओळख ठेवून आला. १९६४ च्या 'सवाल माझा ऐका!' पर्यंत सवाल हा तमाशाच्या कथानकातील चुरशीचे साधन झाला होता. झगडा उरला आणि ज्यावरून झगडा होता ते तत्त्व गेले.

तरीही आमच्या भागापुरता विचार करता मी त्या बाहेरच्या श्रोत्याचे ऋण मानतो. निजामाच्या राजवटीत, जेव्हा गश्ती निशान ५३ या फर्मानाने जाहीर सभेला सरकारी परवानगीची अट घातली, आणि चार माणसे एकत्र जमून मतभेद मांडू लागली की पोलीस अमिनाच्या कपाळाला आठी पडे, त्या काळात दोन पक्षांनी समोरासमोर उभे राहून वाद घालावा आणि शेकडो लोकांनी तो शांतपणे ऐकून आपापला कौल मनात ठरवावा, असा प्रसंग सामान्य रयतेला जत्रेत, जागरणात आणि गोंधळातच मिळत होता. प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्याशिवाय आपला जबाब देता येत नाही, ही शिस्त या श्रोत्यांच्या अंगी तेथे बाणली.

ही आवड आजही गेलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच गावात, त्याच दिवसांत, गणेश विसपुते यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनही भरले. या दोन संमेलनांमधील वादाचे मूळ १८८५ पर्यंत जाते, जेव्हा जोतीराव फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेत सामील होण्यास पत्राने नकार दिला. ज्यांच्या घरात कथा-कादंबरी येत नाही, अशा माणसांनाही संमेलनाचा वाद ठाऊक असतो, अध्यक्षपदावरून काय झाले, कोणाचे नाव निमंत्रणातून वगळले, हे ते चवीने सांगतात. यावर साहित्यिक मंडळी खेद व्यक्त करतात. खेदाचे कारण नाही. उदगिरात दोन्ही मांडवांत जाऊन आलेला एखादा शेतकरी, दोन्हीकडची भाषणे ऐकून दोन्हीकडून एकेक पुस्तक घेऊन घरी गेला असेल, तर कलगी-तुऱ्याने जे साधले तेच तेथे साधले.

बाहेरून येऊन आत रमलेल्यांपैकी एकाचे नाव येथे घेतले पाहिजे. ग्युंटर सोन्थायमर हा जर्मन विद्वान, जन्माने आणि धर्माने परका, महाराष्ट्रात येऊन धनगरांच्या वाड्यांवर आणि खंडोबाच्या ठाण्यांवर वर्षानुवर्षे हिंडला, आणि म्हाळसा-बाणाईची गीते, धनगरी ओव्या त्याने ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. आमच्या पोथीप्रिय पंडितांनी ज्याकडे गावंढळ भांडण म्हणून पाहिले, त्यात त्याला शेतकरी आणि पशुपालक या दोन जीवनपद्धतींचा संबंध दिसला.

असे काम आपल्या माणसांनी आपल्या मुलखात करावयास हवे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूर त्याच्याच कार्यक्षेत्रात आहे, आणि माळेगावची यात्रा विद्यापीठापासून फार दूर भरत नाही. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी यात्रेच्या रात्री तेथे मुक्काम करावा; जागरणातील झगडा, गोंधळातील आख्यान, उरल्यासुरल्या शाहिरांचे सवाल हे गाणाऱ्याच्या नावानिशी, गावानिशी, चालीसह नोंदवून ठेवावेत; आणि ते करताना कडेला उभ्या असलेल्या श्रोत्यांनाही विचारावे की, त्यांचा कौल कोणाच्या बाजूने पडला आणि का. वाचकांपैकी जे पुढल्या मार्गशीर्षात माळेगावला जातील, त्यांना एवढीच विनंती आहे की, म्हाळसेची बाजू ऐकून उठू नका. बाणाईचे उत्तर बाकी असते, आणि त्यानंतर पहाटे वाघ्या लंगर तोडतो, तेथवर बसा.